मर्वच्या नावाचे दहिवर

"आकडा किती आज?"

फोनवर रोली बाउच होता. आधी नाव सांगायची त्याला सवय नव्हती.

"अजून सकाळ आहे, रोली. आकडा चारला येतो," अर्लीन म्हणाली.

"ते ठाऊक आहे गं. पण आभाळ बघितलंस? एक ढग नाही. वाराही पडलाय. आणि माझ्या तळ्यात पाणी गुडघाभर. उगाच रात्रभर पंप चालवले, तर पुढच्या गारठ्याला काय, वाफ्यांवर थुंकू?"

"चारला मेल येईल."

"मर्व असता तर आत्ताच सांगितलं असतं. निदान अंदाजे."

"मर्वनं कधी कुणाला अंदाजे सांगितलं नाही. तुला तर मुळीच नाही."

"खरंय तेही," रोली म्हणाला, आणि निरोप न घेता त्याने फोन ठेवला.

अर्लीन झास्ट्रो पुन्हा स्क्रीनकडे वळली. प्रोग्राम सकाळपासून सुरूच होत नव्हता, हे तिने रोलीला सांगितले नव्हते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात क्रॅनबेरीचे मळे सखल, दलदलीच्या जमिनीत आहेत. रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि वाफ्यांत साचते. गावातला तापमापक चाळीस फॅरनहाइट दाखवत असताना वाफ्यात दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडलेले असू शकते; पाणी बत्तीसला गोठते. मे महिन्यात कळ्या फुगतात. पारा तीसच्या खाली गेला की त्या आतून काळ्या पडतात आणि त्या वर्षीचे पीक तिथेच संपते. उपाय एकच, रात्रभर स्प्रिंकलर चालवायचे. पाणी कळीवर गोठताना जी थोडी ऊब सोडते ती कळीला वाचवते. यंदा हिवाळ्यात बर्फ कमी पडले होते आणि तळी अर्धीमुर्धी होती. कोणत्या रात्री पाणी खर्चायचे आणि कोणत्या रात्री राखायचे, हे उत्पादक संघाच्या चार वाजताच्या मेलवर ठरत असे. त्यात प्रत्येक मळ्यासमोर एक आकडा असे: तिथल्या सर्वांत खोल वाफ्यात पहाटे पारा कुठे उतरेल तो.

हा आकडा काढणारा प्रोग्राम दोघांनी लिहिला होता. अर्लीनचा भाग पायथन भाषेत होता: मळ्यांवरच्या यंत्रांकडून नोंदी गोळा करणे, त्या तपासणे, शेवटी मेल पाठवणे. मर्व टॉलेफसनचा भाग सी भाषेत, म्हणजे हवा कुठून कुठे वाहेल याचे किचकट गणित. ते पायथनवर सोपवले असते तर दुसरा दिवस उजाडला असता. सीमध्ये कपात कॉफी ओतेपर्यंत होत असे. मर्वचा भाग कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, त्याचे मॉड्यूल बनवायचे आणि पायथनने कामाच्या वेळी ते आत बोलावायचे, अशी वाटणी होती. एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, दोघांनी अर्धे आयुष्य असे काम केले. फेब्रुवारीत मर्व गेला. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला बसला होता. ज्या पालथ्या बादलीवर बसला होता तिच्यावरूनच कलंडला. त्याची खुर्ची खोलीत तशीच होती. तिच्यावर आता प्रिंटरचे कागद असत.

रात्री मशीनवर पायथनची नवी आवृत्ती चढली होती. जुने मॉड्यूल तिच्याशी जमणार नाही, नव्याने बांधावे लागेल, असे अर्लीन धरून चालली. दर दोन-तीन वर्षांनी ते करावेच लागे. तिने कंपाइल करायला घेतले आणि शेवटच्या टप्प्यावर मशीन अडले. जोडायला सांगितलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्याला मिळत नव्हती. ती ओळ जुनी होती, मर्वनेच कधीतरी घातलेली. आता तिची गरज नसावी असे समजून अर्लीनने ती काढून टाकली. मग सगळे बिनतक्रार पार पडले, आणि इथेच तिची सकाळ वाया गेली. मॉड्यूल बांधताना, त्यात ज्यांची नावे घेतली आहेत ती सगळी फंक्शने खरोखर कुठे आहेत का, हे कुणी विचारत नाही. ते आत बोलावताना विचारले जाते. पायथनने नव्या मॉड्यूलला दारातच थांबवले आणि सांगितले: 'बॉटम' नावाचे फंक्शन सापडत नाही.

'बॉटम' म्हणजे सगळ्यात खोल वाफा. त्या फंक्शनशिवाय आकडा नव्हता.

तिने नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. कंपायलर बदलला आहे का? नाही. दोन पायथन एकमेकांत मिसळलेत का? नाही. मग तिला मर्वचे जुने पालुपद आठवले. "अर्लीन, आधी घराबाहेर पड," तो पाठीमागून म्हणत असे. पायथन आधी समोरच्या फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्या नावाचे काही अर्धवट पडलेले असले तर तेच उचलतो. नीट जागेवर बसवलेले दूरचे बघतच नाही. अर्लीनला मात्र कोड जिथे ठेवला आहे तिथेच बसून चाचणी करायची खोड होती. आज ती आपणहून बाहेर पडली, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली. तिथूनही 'बॉटम' सापडत नव्हते.

शेवटी तिने कालपर्यंत चाललेले जुने मॉड्यूल काढले आणि ते कशाकशाच्या आधाराने उभे आहे ते मशीनला विचारले. सगळ्या नावांपुढे पत्ते आले. एकापुढे आले 'सापडत नाही'. ही लायब्ररी कुठे शोधायची तेही मॉड्यूलमध्येच लिहिलेले होते. तो पत्ता मर्वच्या खात्यातला होता, त्याच्या स्वतःच्या फोल्डरचा.

अर्लीन उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आभाळ खरोखरच स्वच्छ होते. "सध्या माझ्याकडे ठेवतो, मग सगळ्यांच्या जागी हलवू," असे मर्व म्हणाला होता तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. त्यानंतरचा प्रत्येक मोसम त्या 'सध्या'वर निघाला होता.

तिने कर्टिसला फोन लावला. कर्टिस मॅडिसनमध्ये बसून तीन-चार संस्थांची मशीने सांभाळत असे.

"मर्वचं खातं? हो, काल संध्याकाळी बंद केलं," तो म्हणाला. "तुमचीच विनंती होती, अर्लीन. मागच्या आठवड्यातली. मी जरा उशीरच केला, सॉरी."

"अजून केला असतास तर बरं झालं असतं. त्यातला फोल्डर?"

"खात्याबरोबर गेला. नियम आहे."

"बॅकअप?"

"आहे ना. पण तो बाहेरच्या गोदामात असतो. मागवला की परवा दुपारपर्यंत येईल. घाई आहे का?"

"आज रात्री दहिवर आहे."

"मग साधारण आकडा नाही का देता येणार? विमानतळावरच्या तापमानातून पंधरा वजा, असं काहीतरी?"

"रोलीच्या मळ्यात वजा वीस होतं. त्याच्या शेजाऱ्याकडे वजा बारा. सगळ्यांना म्हटलं चालवा पंप, तर निम्म्यांची तळी फुकट रिकामी होतील. नका चालवू म्हटलं, तर उरलेल्यांच्या कळ्या गेल्या."

"मी विचारलं नाही असं समजा," कर्टिस म्हणाला.

विनंती तिचीच होती. यंदाच्या मोसमाचा पहिला मेल गेला तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी मर्वचे नाव होते. वर्षानुवर्षे ते तिथेच होते, म्हणून कुणाच्या नजरेला पडले नाही. ज्यांना मेल जात असे त्यांत मर्वची बायको व्हर्नाही होती. तिचा मळा नव्हता, मागच्या अंगणात टोमॅटोची चार रोपे होती. पण मर्वने यादीच्या शेवटी 'अंगण' असे घालून त्याचाही आकडा सुरू केला होता. त्या संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला.

"मर्वचा मेल आला आज," ती म्हणाली.

"अगं देवा. व्हर्ना, माझं लक्षच नव्हतं. मी करते त्याचं काहीतरी."

"छे, तू कशाला त्रास घेतेस."

"त्रास कसला त्यात. बंदच करून टाकू ना?"

"तुला सोयीचं पडेल तसं कर," व्हर्ना म्हणाली. मग दोघी यंदाच्या कोरड्या हवेविषयी बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अर्लीनने पाठवणाऱ्याच्या जागी संघाचे नाव घातले, व्हर्नाचा पत्ता आणि 'अंगण' ही ओळ काढली, आणि मर्वचे खाते बंद करावे असे कर्टिसला कळवले. एक अवघड गोष्ट हलक्या हाताने उरकल्याचे समाधान तिला त्या दिवशी वाटले होते.

ती लायब्ररी मिळण्याची आता एकच जागा उरत होती. गारठ्याच्या मोसमात मर्व घरूनही काम करायचा. फोन करून विचारता आले असते, पण फोनवर व्हर्ना "तुला सोयीचं पडेल तसं" म्हणाली असती आणि त्यातून काहीच कळले नसते. अर्लीनने गाडी काढली.

व्हर्नाचे घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, खळग्यात होते. पायऱ्यांवर टोमॅटोची नवी रोपे कुंड्यांत मांडलेली होती. गॅरेजच्या भिंतीशी मर्वच्या मासेमारीच्या पांढऱ्या बादल्या एकीत एक घालून ठेवलेल्या होत्या.

"ये. कॉफी टाकते," व्हर्ना म्हणाली.

"नको गं, घाईत आहे."

"घोटभर."

"खरंच नको."

"लिंबाच्या वड्या कालच केल्यात."

तिसऱ्यांदा नाही म्हणायची तिकडे रीत नाही. अर्लीन बसली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मर्वचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर पत्त्यांचा डाव लागलेला होता.

"मर्वचं थोडं काम यात असलं तर बघायचं होतं," अर्लीन म्हणाली. "ऑफिसमधलं गेलं. आणि आज आकडा द्यायचाय."

"असेल की. मी नुसते पत्ते खेळते, बाकी कशाला हात लावलेला नाही." व्हर्नाने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "डाव मोडू नकोस हं. जिंकत आलेय."

डाव बाजूला सारून अर्लीनने शोधले. फोल्डर होता. लायब्ररीचा मूळ कोड होता, मर्वच्या सवयीप्रमाणे ओळींच्या सुरुवातीचे समास सोडून सगळे नीटनेटके. तिने तो आपल्या पेनड्राइव्हवर उतरवायला लावला, आणि तेवढ्या वेळात काही बोलायचे म्हणून म्हणाली, "पायऱ्यांवर नवी रोपं दिसली."

"आधीची गेली ना. शनिवारी सकाळी बघते तर काळी ठिक्कर. मला कळलंच नाही."

"रेडिओवर सांगितलं होतं की."

"रेडिओवर गावाचं सांगतात. आम्ही पडलो खळग्यात. मर्व म्हणायचा, रेडिओ गाण्यांपुरता ऐकावा." तिने अर्लीनच्या बशीत आणखी एक वडी ठेवली. "त्याचा मेल आला की मी उठून रोपं झाकायचे. यंदा पहिल्या दिवशी आला, तेव्हाही झाकली. नंतर आलाच नाही."

अर्लीनने हातातली वडी बशीत ठेवली.

"व्हर्ना, त्या दिवशी तू मला फोन केलास, तो कशासाठी?"

"मेल आला म्हणून सांगायला. दुसऱ्या कुणाला सांगणार? मुलीला सांगितलं असतं तर ती डॉक्टर शोधत बसली असती."

"मला वाटलं, तुला त्रास होतोय."

"तू म्हणालीस, बंद करू का. मला वाटलं, तुला त्रास होतोय. इतकी वर्षं एका खोलीत काढलीत तुम्ही."

अर्लीनने पेनड्राइव्ह काढून खिशात घातला.

"मग नको म्हणायचं ना, बाई," अर्लीन म्हणाली.

"असं कसं म्हणायचं? तू इतक्या मनापासून विचारत होतीस."

तिकडे निरोप दारात उभ्याने अर्धा तास चालतो. आज व्हर्नाने तिला थांबवले नाही. उरलेल्या वड्या फॉइलमध्ये गुंडाळून तिच्या हातात दिल्या, आणि अर्लीन गाडीत बसेपर्यंत ती पुन्हा लॅपटॉपसमोर जाऊन बसलेली खिडकीतून दिसली.

ऑफिसात परतल्यावर अर्लीनने लायब्ररी बांधली आणि या वेळी ती कुणाच्याही नावाच्या फोल्डरमध्ये न ठेवता सगळ्यांच्या जागी ठेवली. सकाळी काढलेली ओळ परत घातली, तिच्यात नवा पत्ता लिहिला. मॉड्यूल कंपाइल केले, जागेवर बसवले आणि पायथनला ते आत घ्यायला सांगितले.

'बॉटम' सापडत नाही.

तिने नुकतेच बांधलेले पुसून पुन्हा बांधले. तेच. लायब्ररी उघडून बघितली. 'बॉटम' त्यात होते, नावासकट, डोळ्यांसमोर. पुन्हा बोलावले. तेच. फोन वाजू लागला. रोलीच असणार, तिने उचलला नाही. ती उठून खोलीत फिरू लागली, मर्वच्या खुर्चीवरचे कागद उचलून कपाटावर ठेवले, परत खुर्चीवर ठेवले. घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवून तिने ते बघितले. चारला फार वेळ नव्हता. तिच्या डोक्यात विमानतळ वजा पंधरा घोळायला लागले होते, आणि त्या विचाराची तिला चीड आली.

मग ती खोलीच्या मध्यावर थांबली. ती बसली होती कोडच्या फोल्डरमध्ये. सकाळी ओळ काढून बांधलेले ते अपुरे मॉड्यूल त्याच फोल्डरमध्ये पडलेले होते. चांगले बांधलेले कधीचे आपल्या जागी जाऊन बसले होते, आणि पायथन प्रत्येक वेळी पायाशी पडलेले उचलत होता.

"पडते बाबा बाहेर," ती खुर्चीला म्हणाली.

तिने फोल्डर बदलला आणि पुन्हा बोलावले. पायथन काही बोलला नाही. सगळे ठीक असले की तो काही बोलत नाही, नुसता पुढच्या ओळीवर थांबतो. अर्लीनने गणित सुरू केले.

रोली बाउच, सत्तावीस. त्याचा शेजारी, पस्तीस. बाकीचे मधे कुठे कुठे. तिने 'अंगण' ही ओळ परत घातली. एकोणतीस.

"कर्टिस, मला मेलचा एक पत्ता हवाय," ती फोनवर म्हणाली. "आत्ता. काल बंद केलास तोच."

"मर्वचा? अर्लीन, माणूस गेल्यावर त्याचा पत्ता नाही उघडता येत. प्रोग्रामसाठी हवा असेल तर येतो."

"मग प्रोग्रामसाठी उघड."

"नाव काय देऊ?"

"मर्व."

तिकडून टाइप केल्याचा आवाज आला.

"जबाबदार व्यक्ती कोण लिहू?"

"मी."

"झालं. फोल्डर पण हवाय का त्याला?"

"नको. नाव पुरे."

मेल चारला गेला. फोन लगेच वाजला.

"सत्तावीस?" रोलीने विचारले.

"सत्तावीस."

"पाठवणारा मर्व दिसतोय."

"हो."

"मधे संघाच्या नावानं येत होता. म्हटलं रुसला की काय आमच्यावर," रोली म्हणाला. "लावतो पंप. तू पाठवलं असतंस तर दोनदा विचार केला असता मी."

"ठाऊक आहे मला," अर्लीन म्हणाली.

घरी जायचा तिचा रस्ता दुसरा होता. तरी ती खळग्याच्या बाजूने निघाली. सूर्य मावळला होता, आणि बाउचच्या मळ्याकडून पंप सुरू झाल्याचा घरघराट येत होता. पस्तीसवाल्या शेजाऱ्याकडे शांत होते. गाडीच्या काचेवर आताच गारवा धरू लागला होता.

व्हर्नाच्या पायऱ्यांवर कुंड्या दिसत नव्हत्या. प्रत्येक कुंडीवर मर्वची एकेक पांढरी बादली पालथी घातलेली होती, वरून खालपर्यंत ओळीने. एक बादली उरली होती. ती तिने अंगणात पालथी घातली होती आणि तिच्यावर ती स्वतः बसली होती, अंगात मर्वचा जाड कोट, दोन्ही हात बाह्यांत ओढलेले, तोंड मळ्यांकडे.

अर्लीनने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. स्टिअरिंगवरून तिने एक बोट वर केले. व्हर्नाने बाहीतून एक बोट बाहेर काढले, वर केले आणि परत आत घेतले.